थेंब नसलेला हात

नव्वदीच्या मध्यात मी डोंबिवलीतल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लेबलं करायचे आणि माझे बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत ड्रम भरायचे. त्याच कंपनीच्या ॲसिडच्या लेबलाचं काम आमच्याकडे आलं. ड्रम उचलणाऱ्या हमालांपैकी बऱ्याच जणांना वाचता येत नसे. लेबलावरचं चित्र बघूनच ते जपून उचलत, म्हणून चित्र चोख हवं होतं. मी बाबांचा उजवा हात टेबलावर ठेवायला लावला आणि ॲसिडने भाजलेल्या खुणांसकट तो काढला. पिवळ्या रंगावर काळा हात, त्या हातावर पांढरे थेंब आणि पांढरे चट्टे. "बोटं जरा जाडच काढलीस," एवढंच बाबा म्हणाले.

फाइल एक्सपोर्ट करून, फ्लॉपीत भरून ठाण्याला कोपरीत पाठवली. तिथे प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म काढून देत, तिच्यावरून आमची छपाईची प्लेट बने. छापलेला गठ्ठा समोर आला आणि माझं डोकंच फिरलं. थेंब गायब, चट्टे गायब. उरला होता एक धडधाकट काळा हात. ड्रम खुशाल कसाही धरा, असंच तो सांगत होता.

मालकांनी लेबल लांब धरून पाहिलं. "हात दिसतोय ना? मग झालं. निम्मी लेबलं गेली पण कंपनीत."

"अहो, थेंबच नाहीत त्यावर!"

"पुढच्या ऑर्डरला बघू, ताई."

पुढच्या ऑर्डरला! तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच फिल्म घेऊन कोपरी गाठली आणि तिथल्या ऑपरेटरला चार गिऱ्हाइकांसमोर झाडलं. तो शांतपणे पान चघळत होता, त्याचा तर आणखीनच राग आला.

"मॅडम, आम्ही काय थेंब पुसायला बसलोय इथे? फाइल आली तशी काढली. घोळ तुमच्याकडेच असेल, बघा ना जरा."

उद्धट मेला, असं मनात म्हणत परत आले आणि त्याला खोटं पाडायचंच म्हणून दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. एकेक तुकडा काढून टाकायचा आणि नुसता काळा रंग आमच्या साध्या प्रिंटरवर काढून बघायचा. दुपारपर्यंत टेबलभर काळे हात पसरले होते. शेवटी चिडून जुन्या थेंबाशेजारी एक नवा थेंब काढला. नवा छापला गेला, जुना नाही. म्हणजे खोट जुन्या थेंबांतच होती, आणि ते माझेच होते.

छापताना कागद जरा सरकला की दोन रंगांमध्ये पांढरी फट दिसते. ती दिसू नये म्हणून काळा रंग थेट पिवळ्यावरच छापायचा, खालच्या पिवळ्यात हातापुरती कोरी जागा कापायची नाही, अशी खूण मी फाइलमध्ये केली होती. पण करताना सगळं चित्र एकदम निवडलं. म्हणजे थेंबांनाही तेच सांगितलं, खालचं कापू नका, वरून छापा. आता पांढऱ्याला शाई असते कुठे? जागा कापली तरच तो दिसणार. ती कापलीच गेली नाही आणि खालचा काळा तसाच राहिला. आणि ती हलकट स्क्रीन मला शेवटपर्यंत पांढरेशुभ्र थेंब दाखवत होती. पण खूण स्क्रीनने केली नव्हती. त्या ऑपरेटरची माफी मागायला मी कधी गेले नाही, हेही सांगून टाकते.

घरी बाबांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आले ते बोटांना पांढरा रंग लावूनच. लेबल चिकटवलेल्या एकेका ड्रमवर त्यांनी ब्रशने थेंब काढले होते. हमाल भोवती जमले, तेव्हा सांगितलं की माझ्या मुलीची चूक झाली.

मी भडकलेच. "माझं नाव कशाला सांगितलंत? छपाईत गडबड झाली म्हणायचं!"

"अगं, त्यांना खरं कळायला नको? उद्या थेंब नसलेला ड्रम समोर आला तर पाणी समजून उचलतील." रॉकेलच्या बोळ्याने बाबा बोटं पुसत होते. "आणि परवा एक गाडी भरून गेली, त्या ड्रमांवर कोण काढणार?"

ओरडायला आता माझ्यापुढे कुणीच उरलं नव्हतं.