‘आलोच’ म्हणजे कधी?

माझी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे, आणि ठरलेलं बिनसलं की तिचा जीव घाबरा होतो. त्यासाठीच कुरकुंभहून मी तिला महिन्यातून एकदा दौंडला, सरकारी योजनेतल्या समुपदेशकाकडे न्यायचे.

त्या दिवशी अकराची वेळ दिली होती. साडेअकराला तिथल्या शिपायानं त्यांना फोन लावला. "आलोच!" ते म्हणाले. बाकापर्यंत ऐकू आलं.

मुलगी उठून दारात गेली. बाहेर कोणी नव्हतं.

"आई, आलोच म्हणाले. आले नाहीत."

"येतायत गं."

"मग आलोच का म्हणाले?"

शिपाई हसला. "आसंच बोलत्यात की ताई सगळे. समजवा तिला."

समजवा म्हणे! जन्मभर तिलाच समजावत आलेय मी. एकदा कुणीतरी त्या साहेबांना समजवा. एक वाजेल म्हणाले असते, तर ती एकपर्यंत गप बसली असती.

साहेब एकला उगवले. तोवर तिनं दारापर्यंत शंभर खेपा घातल्या होत्या आणि बोटांची सालं काढली होती. त्यांनी कागदावर लिहिलं, 'आज अस्वस्थ. कारण समजले नाही.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दहा मिनिटांत त्यांनी बॅग उचलली. "चला, येतो," म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले.

मीही पिशवी उचलली. ती बाकावरून हलेना.

"चल की गं आता."

"ते येतो म्हणाले," ती म्हणाली.