गणपत हवालदार आणि दोन विलायती गाड्या

गणपत हवालदार कुठल्याही गाडीपाशी गेला की आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. मालकाला रामराम त्यानंतर. लढाईत लष्करी लॉऱ्या चालवून तो विट्याकडच्या आपल्या गावी परतला, तेव्हा त्याचा कुणावरच भरवसा उरला नव्हता. चहासुद्धा समोरच्यानं घोट घेतल्यावरच प्यायचा.

मी तेव्हा सांगलीत डॉक्टरकी करत होतो. खेड्यांतून बोलावणी वाढली, सायकल पुरेना. साताऱ्यात दोन जुन्या विलायती गाड्या विकाऊ होत्या. काळी माझ्या वकील मित्राची, आणि हिरवी मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाची. पारखायला मी गणपतला बरोबर नेलं.

काळी गाडी शेडमध्ये सावलीत होती. आठ दिवसांत बाहेर काढली नाही, असं वकील म्हणाले. खटका दाबताच ती सुरू झाली. मी खूश. बाहेर आल्यावर गणपत म्हणाला, "आठ दिस उभी हाय, मग बॉनेट ऊन कसं? आपण यायच्या आधी कुणीतरी तापवून ठेवलीया."

वकिलांनी असं करावं, हे मला पटेना. उलट गणपतचाच संशय आला. हिरवी बघायला साहेबाच्या बंगल्यावर गेलो, तेव्हा तिथल्या खानसाम्याशी तो बराच वेळ बोलत उभा होता. दलाली ठरली असेल, असं माझ्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी न कळवता आम्ही पहाटेच वकिलांकडे गेलो. काळीचं हँडल मारून मारून गणपतचे दंड भरून आले, तेव्हा कुठे ती धुगधुगली. पण सपाट रस्त्यावर काय पळाली! स्टिअरिंग लोण्यासारखं वळत होतं. मी मनात तिच्यावर शिक्का मारला. खंबाटकीचा घाट अर्धा चढली आणि पाणी उकळलं. ते निवल्यावर वरपर्यंत गेलो. उतरताना एका वळणावर गणपतनं ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, मग हातब्रेक ओढला. गाडी कठड्याला घासून थांबली. पलीकडे दरी होती.

त्यानं इंजिन बंद केलं आणि शांतपणे विचारलं, "डॉक्टर, तुमी वकिलास्नी आधीच शब्द देऊन बसलाय का?"

मी होकाराची मान हलवली. महिन्यापूर्वीच दिला होता.

"मग मला गाडी बघाया आणलंय, का साक्षीला?"

नंतर खाली बघत त्यानं सांगितलं, की वाळवंटात त्याच्याच गावच्या सोबत्यानं ब्रेक ठीक असल्याचं सांगितलं होतं. भिडेपोटी त्यानं तपासलं नाही. सोबती शेजारीच बसला होता. गावी परत आला तो एकटा गणपत.

पुढच्या दिवशी हिरवी नेली. सपाटीवर मंद, स्टिअरिंग इतकं जड की खांदे दुखावेत. पण घाट तिनं दुसऱ्या गिअरवर गुरगुरत एका दमात चढला, आणि उतरताना सांगू तिथं थांबली. मी तीच घेतली. वकिलांना नाही म्हणताना माझी मान वर होईना. त्यांनी मला पुन्हा कधी घरी बोलावलं नाही.

सांगलीला पोचल्यावर मी गणपतला म्हणालो, की माझ्याकडेच ड्रायव्हर म्हणून राहा. त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली.

"माणूस म्हणून तुमी लय चांगलं हायसा. पर भिडंला पडता. तुमच्या शब्दावर गाडी न्हाई चालवायचो मी."

रामराम करून तो विट्याच्या प्रवासी मोटारीत बसला. मला राग यायला हवा होता. पण मोटार दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो, आणि मग त्याच्यासारखाच हिरवीच्या बॉनेटवर तळहात ठेवला.