सहा तासांचा विस्तव

न्यू जर्सीच्या डोंगराळ टोकाला आम्ही भाड्याने राहत होतो, तेव्हा माझ्याकडे ना कार होती, ना लायसन्स, ना नोकरीची परवानगी. व्हिसासुद्धा नवऱ्याच्या शेपटीला बांधलेला. पुण्यात मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. इथे दिवसभर एका लोखंडी स्टोव्हला लाकडं भरवत बसायचे.

घरातली हीटिंग मोडलेली होती. घरमालक म्हणाला, उन्हाळ्यात बघू. तोवर हा स्टोव्ह विझला तर पाण्याचे पाइप गोठून फुटतील, असा दम मात्र त्याने आधीच देऊन ठेवला. नवरा सकाळी कार घेऊन जायचा, तो संध्याकाळी उबेला येऊन मोजे वाळत घालायचा. दर दोन तासांनी लाकूड घालायचं माझ्याकडे. दुपारी डोळा लागला तरी दचकून उठायचे. तान्हं मूल परवडलं, ते निदान हसतं तरी!

दुसऱ्या हिवाळ्यात मी गुपचूप पिस्कॅटवेच्या विद्यापीठात पीएचडीसाठी अर्ज केला. तिथल्या प्रोफेसर बाईंनी भेटायला बोलावलं. प्रवेश मिळाला तर माझा स्वतःचा व्हिसा, स्वतःचा पगार. जवळच राहणाऱ्या एक मराठी काकू त्यांच्या कारने न्यायला तयार झाल्या. जाऊन येऊन सहा तास. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "जा ना, पण स्टोव्हचं काय?"

मग मला आई आठवली. लहानपणी गावी ती झोपताना चुलीतले निखारे राखेखाली झाकायची, सकाळी फुंकर मारली की जाळ. मी तेच सुरू केलं. जाड ओंडके, वर राख, हवेची झडप जवळजवळ बंद. चार तास टिकलं, मग पाच. तीन आठवड्यांनी सहा! त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी साडी नेसून (सूट होता कुठे?) शेवटची लाकडं घालायला दार उघडलं, तर भसकन सगळा धूर तोंडावर. खोली भरली, अलार्म किंचाळायला लागला. मी खिडक्या उघडल्या आणि खोकता खोकता मला कळलं. कोंडलेला विस्तव नीट जळत नाही, त्याच्या धुराचं डांबर होतं आणि ते धुराड्यात चिकटत जातं. मी तीन आठवडे रोज माझ्याच हाताने ते धुराडं बुजवत होते. केमिस्ट्रीची मास्तरीण म्हणे! जळलं मेलं ते शिक्षण.

बाहेर काकूंनी हॉर्न दिला. मला रडू फुटलं. पाइप फुटले तर घर जाणार, आणि आज गेले नाही तर मी इथेच लाकडं भरत म्हातारी होणार, एवढंच डोक्यात होतं.

मी निखारे लोखंडी बादलीत ओढले आणि अंगणातल्या बर्फात नेऊन ओतले. केवढा चर्र आवाज झाला! मग घरातले सगळे नळ बारीक सोडून ठेवले, वाहतं पाणी सहसा गोठत नाही म्हणून. आणि निघाले. वाटेत काकू म्हणाल्या, "अगं, होळी खेळून आलीस का?" मी हसले आणि पदराने तोंडावरची काजळी पुसली.

बाईंना माझ्या साडीचा धुरकट वास आला असणारच. पण त्यांनी तासभर प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, सप्टेंबरपासून ये.

परत आले तर नवरा त्या दिवशी लवकर येऊन कोट, टोपी घालून गार स्टोव्हसमोर बसलेला. नळ थेंबथेंब वाहत होते, पाइप शाबूत होते.

"स्टोव्ह का विझला?" त्याने विचारलं. पहिला प्रश्न तोच.

"मी विझवला. धुराडं तुंबलंय, साफ करणाऱ्याला फोन कर. आणि सप्टेंबरपासून हा तूच सांभाळायचा."

त्याने स्टोव्हचं दार उघडून आत बघितलं. मग हळूच म्हणाला, "याला लाकडं किती वेळाने घालायची असतात?"