मान खाजवून पेटणारा स्टो

या उंचीवर दिवसा झोपायचं नाही, झोपलं की डोकं धरतं, असं प्रेमसिंग गाईडने सकाळपासून इतक्या वेळा बजावलंय, की वल्लभचे डोळे त्या बजावण्यानेच मिटायला लागलेत. बाहेर गारा पडतायत. पिवळ्या तंबूवर वरून कुणी शेंगदाणे ओतत असल्यासारखा आवाज येतोय. पलीकडेच ते तळं आहे, ज्याच्यासाठी माणसं रजा टाकून, गुडघ्यांना पट्टे बांधून इतक्या वर येतात आणि जे आत्ता अजिबात दिसत नाहीये. वल्लभच्या उशाशी प्रभामामाचा पितळी स्टो आहे. तो पेटत नाहीये.

वल्लभने काकडा लावला, पंप मारला, फुंकर घातली, समजूत घातली, शेवटी शिव्या घातल्या. स्टो भडकतो, वल्लभच्या भुवया हुंगतो, काळा धूर ओकतो आणि विझतो. गारा थांबल्या की मुक्काम हलवून खाली उतरायचं, असं प्रेमसिंगने जाहीर केलंय. म्हणजे चहा झाला तर आज, नाहीतर राहिलाच.

तसा चहा आहे. स्वयंपाकाच्या तंबूत गॅसवर पातेलंभर आहे. "साबजी, चाय," म्हणत प्रेमसिंग हजेरी लावून जातोय. पण वल्लभला तो चालत नाही. त्याला कारण कावळा.

मामाच्या दहाव्याला कऱ्हाडच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिलीय म्हणून नातेवाईक एकेक करून पिंडापुढे शब्द द्यायला लागले. मामाच्या थोरल्या मुलाने आईला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. कावळा ढिम्म. शैलामामीने मामाची सगळी ट्रेकिंगची मासिकं रद्दीत न देण्याचं कबूल केलं. कावळ्याने चोच फांदीला घासली. ऊन चढलं होतं, जेवणं खोळंबली होती. वल्लभच्या पोटात कावळे कोकलत होते, आणि ते सगळे समोरच्या एका कावळ्यावर अवलंबून होते. तो वैतागून म्हणाला, "मामा, तुझं ते हिमालयातलं तळं राहिलं ना? तिथं जाऊन तुझ्याच स्टोवर तुला चहा करून देतो. मग तर झालं?"

कावळा असा झेपावला की गुरुजी पळीसकट मागे पडले.

तेव्हापासून घरादाराची खात्री आहे की मामा-भाच्याचं काहीतरी खास होतं. खास म्हणजे एवढंच, की प्रत्येक ट्रेकला मामा यायचा, स्टो यायचा, आणि स्टो वल्लभच्या पाठीवर यायचा. पेटवायला मात्र हात लावू द्यायचा नाही. पंचा पांघरून पाठ करून बसायचा, मान कराकरा खाजवायचा, काहीतरी पुटपुटायचा, आणि स्टो सूं करत निळा पेटायचा. सगळी जादू त्या मान खाजवण्यात आहे अशी पोरांची समजूत होती. वल्लभने आज मानही खाजवून पाहिलीय. तशीही ती खाजतेच आहे. मामीने थंडीसाठी दिलेला मामाचा नेहमीचा ट्रेकचा स्वेटर निघाल्यापासून कॉलरपाशी टोचतोय.

"नाही झोपत," वल्लभ तंबूला सांगतो आणि डोळे मिटतो.

तंबूची चेन बाहेरून उघडते.

"सरक," प्रभामामा म्हणतो आणि आत येतो. अंगात बनियन, खाली पट्ट्यांचा लेंगा. गारांतून आलाय, पण कोरडा आहे.

"मामा, थंडी नाही वाजत?"

"मेल्यावर कसली थंडी? आणि माझा स्वेटर तू घातलायस, निलाजऱ्या."

"मामीने दिला."

"ती काय, सगळंच देईल. चहा कुठाय?"

"स्टो पेटत नाहीये."

"का?"

"ते मी तुला विचारणार होतो!"

"मला काय विचारतोस? मी आत्ता येतोय."

वल्लभ मनातल्या मनात स्वतःला आवरतो. मेलेल्या माणसावर पहिल्याच भेटीत ओरडणं बरं दिसत नाही. "मामा, कसा पेटवायचा ते एका वाक्यात सांग."

"सांगतो की. आधी चहा होऊन जाऊ दे."

तंबूला आता खिडकी आहे. लोखंडी जाळीची, खाली अर्धगोल भोक, वर 'चौकशी' असं लिहिलेली. मामा पलीकडे बसून अडकित्त्याने सुपारी कातरतोय. वल्लभ रांगेत उभा आहे. कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर गुडघाभर तळं साचलंय, पाणी बर्फाचं आहे, आणि प्रवासी पिशव्या डोक्यावर धरून गाडीची वाट बघतायत. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

"स्टो कसा पेटवतात?" वल्लभ खिडकीत तोंड घालून विचारतो.

"पलीकडच्या खिडकीत."

पलीकडच्या खिडकीतही मामाच आहे. "इथं फक्त पास मिळतात," तो म्हणतो. "मघाच्या खिडकीत विचारायचं."

"मामा, गारा थांबतील! मी शब्द दिलाय!"

"मला कुठं दिलायस? कावळ्याला दिलायस."

"एवढ्या वेळा विचारलं, तू कधीच का नाही शिकवलंस?"

अडकित्ता थांबतो. मामा जाळीतून वल्लभकडे बघतो.

"शिकवलं असतं, तर तुम्ही पोरं मला बरोबर नेत होता होय?"

वल्लभकडे उत्तर आहे, पण तोंडात गार आलीय. बोराएवढी. ती विरघळेपर्यंत रांगेतली सगळी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत थांबतात.

"नेलंच असतं," तो अखेर म्हणतो. "उलट स्टोचं ओझं वाचलं असतं."

मामा हसतो. हसताना पूर्वीसारखीच सुपारी उडते. "साखर किती घालणारायस, भाचेबुवा?"

"नाही घालणार. मामीने बजावलंय, त्यांना शुगर आहे म्हणून."

"अरे, मी मेलोय."

"मामी जिवंत आहे."

मामा यावर विचार करतो. "हं," तो म्हणतो. "तेही आहेच."

मग ते दोघं मामाच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आहेत, काळ्या टाकीला टेकून. मामा टाकीचं झाकण उचलतो. आत तळं आहे. सबंध. निळं, स्वच्छ, काठाला बर्फ, आणि त्यात उलटे उभे असलेले डोंगर. मामा कितीतरी वेळ वाकून बघत राहतो.

"इथंच होतं होय," तो हळूच म्हणतो. "आणि मी जन्मभर टाकी धुणाऱ्याशी भांडत बसलो."

"मामा, शेवटचं विचारतो."

"अरे, कितीदा तुमच्यासमोर पेटवला!" मामा झाकण ठेवतो आणि मान कराकरा खाजवतो.

"ते नको! ते मानेचं नाटक नको! खरं काय ते सांग!"

"नाटक?" मामा दुखावतो. "बघा," तो मागे वळून म्हणतो, "याला मी नाटक करतोय असं वाटतं."

मागे कावळा आहे. घाटावरचाच. खांद्याला कंडक्टरची पिशवी, पायात तिकिटाचा चिमटा.

"तिकीट," कावळा म्हणतो.

"नाहीये," वल्लभ म्हणतो.

कावळा मामाकडे बघतो. मामा मान डोलावतो. कावळा एक उडी मारतो, चिमटा वल्लभच्या कॉलरला लावतो आणि दाबतो.

टक्.

"आई गं!"

तंबू. पिवळा उजेड. गारा थांबल्यात. डोकं खरंच धरलंय, आणि मानेला असं काही टोचलंय की वल्लभचा हात आधी तिथेच जातो. कॉलरच्या शिवणीतून काहीतरी वर आलंय. तो ते चिमटीत धरून ओढतो. पत्र्याची एक चपटी पट्टी. टोकाला केसाएवढी तार.

तो पट्टीकडे बघतो. स्टोच्या बर्नरमधल्या काजळीने बुजलेल्या बारीकशा भोकाकडे बघतो. पुन्हा पट्टीकडे बघतो.

"मान खाजवायचा म्हणे," वल्लभ म्हणतो. "पिन काढत होता हलकट."

बाहेर खेचरांवर सामान चढायला लागलंय. "साबजी, चलना है," प्रेमसिंग ओरडतो. वल्लभ स्टो घेऊन खडकाच्या आडोशाला जातो, पाठ करून बसतो. काकडा लावतो, पंप मारतो, पिन भोकात घालून काढतो.

सूं.

ज्योत निळी आहे. ढग वर सरकलेत आणि तळं आपलं समोर पडलेलं आहे, कधी दिसत नव्हतंच असं. चहा या उंचीवर पटकन उकळतो आणि धड होत नाही. वल्लभ पहिला कप तळ्याकडे तोंड करून दगडावर ठेवतो. थोडं थांबतो. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यात साखर घालतो, आणि मामाला लागायची तेवढी होईपर्यंत घालत राहतो.

मग पिन पुसतो आणि होती तिथेच, कॉलरच्या शिवणीत, परत खोचतो. लगेच टोचते. सबंध उतार ती टोचत राहते, आणि वल्लभ सबंध उतार मामाला शिव्या घालत, मान खाजवत खाली येतो.