तिसरं आदण: सर्दीसकट पलूसच्या गुऱ्हाळावर दोन दिवस

आधी जे झालं ते क्रमाने.

१. शुक्रवारी सकाळी ताप ९९.८ होता. सर्दी, घसा. कोविडची किट घरीच करून पाहिली, निगेटिव्ह आली.
२. दुपारी अडीचला पुण्याहून निघाले. साताऱ्यात मुग्धाला घेतलं. साडेसातला पलूसजवळ अश्विनीच्या घरी पोचलो.
३. शनिवारी तिच्या गुऱ्हाळावर गुळाची दोन आदणं, म्हणजे रस उकळून गूळ उतरवायचे दोन घाणे, झाली. पहिलं मऊ राहिलं. दुसरं चांगलं उतरलं.
४. रविवारी सकाळी तिसरं आदण करपलं.
५. तेव्हा काहिलीसमोर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईसमोर, मी एकटी होते.

आता सविस्तर.

अश्विनी, मुग्धा आणि मी सांगलीच्या होस्टेलवर चार वर्षं एका खोलीत राहिलो. नोकऱ्या लागल्यावर ठरलं होतं की दर हिवाळ्यात एक शनिवार-रविवार एकत्र काढायचा, कुठेही, काही न करता. त्यातले दोन हिवाळे माझ्यामुळे बुडाले. एकदा प्रोजेक्ट, एकदा टायफॉइड. त्यामुळे या वेळी ताप शंभरच्या आत आहे एवढं पाहिलं, गोळ्यांची पट्टी आणि स्वतःचा वेगळा कप बॅगेत टाकला आणि गाडी काढली. शहाणपणाचं नव्हतं. करू नका.

पुणे-सातारा रस्त्याबद्दल नवीन सांगण्यासारखं नाही. खंबाटकी ओलांडली की हवा बदलते, एवढं मला नाक चोंदलेलं असतानाही जाणवलं. मुग्धा पोवई नाक्यावर उभी होती. ती वाईची; साताऱ्यात कॉलेजात फिजिक्स शिकवते. हातात कंदी पेढ्यांचा बॉक्स आणि आईने दिलेली काढ्याची पुडी.

"तोंड बघ तुझं," ती गाडीत बसता बसता म्हणाली. "किती आहे?"

"नव्व्याण्णव पॉइंट चार. उतरतोय."

"मी ताप विचारला नाही, झोप विचारली. किती तास?"

मी गाडी पुढे काढली. तिने काच थोडी खाली केली आणि पेढा मला न विचारता माझ्या मांडीवर ठेवला. पेढ्याला चव लागली नाही. गोड आहे एवढंच कळलं, पेढा आहे हे कळलं नाही.

कराडला महामार्ग सोडून तासगाव रस्ता धरायचा. शेणोली, ताकारी करत पलूसला साधारण तास लागतो. उसाच्या ट्रॉल्या असल्या तर दीड. त्या असतातच. हंगामात अंधार पडायच्या आत हा पट्टा पार करा, कारण बहुतेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि ट्रॅक्टरवरच्या गाण्यांच्या आवाजात तुमचा हॉर्न चालकाला ऐकू जात नाही. वाटेत ताकारीच्या पुढे एका टपरीवर भजी आणि चहा घेतला. मुग्धा म्हणाली भजी उत्तम होती. मी तिच्यावर विश्वास ठेवते.

अश्विनीचं गाव यायच्या आधी एक चढ आहे. तिथे आम्ही काचा खाली करायचो. तिसऱ्या वर्षात असताना पहिल्यांदा आलो तेव्हा एस.टी.तून उतरून याच चढावर उभ्या राहिलो होतो आणि वाऱ्यावर गुऱ्हाळाचा वास आला होता: तापलेला रस, जळणारी उसाची चिपाडं, त्यात कुठेतरी मातीचा ओलसरपणा. मला घराचा वास म्हणून काही आठवत नाही, कारण वडिलांच्या बदल्या होत होत्या. हा एक वास मात्र मला नावानिशी ओळखता येतो.

मुग्धाने सवयीने चढावर काच उतरवली. डोळे मिटले.

"आला?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

काहीही आलं नव्हतं. शुक्रवारी सकाळपासूनच मला वास येत नव्हता. चहा, साबण, विक्स, काहीच नाही. पण हे सांगितलं असतं तर मला खाटेवर पांघरुणात गुंडाळून ठेवलं असतं आणि तिसरा हिवाळाही माझ्यामुळे बुडाला असता. एक शब्द. मी तो आठवणीवरून म्हणाले.

अश्विनीचे वडील, आबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. भाऊही फौजेतच आहे, सध्या दूर आहे. गेल्या वर्षी अश्विनी सांगलीतली नोकरी सोडून घरी आली, कारण तिला गुऱ्हाळ चालवायचं होतं. आबांना ते बंद करायचं होतं. त्यांचे गुळवे श्रीपती अण्णा, म्हणजे काहिलीजवळ उभं राहून गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस, गेल्या वर्षी वारले. दुसरे गुळवे हंगामात मोकळे मिळत नाहीत. आबांचं म्हणणं सरळ होतं: सगळा ऊस कारखान्याला घालायचा आणि मोकळं व्हायचं. जेवताना ते त्यांनी आम्हालाही सांगितलं.

"हिला तीन आदणं दिल्यात. दोन नीट उतरली तर गुऱ्हाळ तिचं. न्हाईतर ऊसतोडीची टोळी बोलवायची आन् फड मोकळा."

"आणि आबांनी सही केलीय," अश्विनी म्हणाली, "कॅलेंडरवर."

"आदेश लेखी असावा," आबा म्हणाले आणि भाकरी मोडली.

मी येताना ऑफिसातून एक थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, आणि त्याचा डिस्प्ले आणला होता. इन्स्ट्रुमेंटेशन हेच माझं काम आहे. काकवी साधारण एकशे पाच-सहा अंश सेल्सिअसला होते, ढेपेचा गूळ एकशे अठराच्या आसपास उतरवतात. श्रीपती अण्णांना हे आकडे माहीत नव्हते. त्या तिसऱ्या वर्षी मी त्यांना लॅबमधला थर्मामीटर दाखवला होता तेव्हा ते पोट धरून हसले होते.

"ताप बघती व्हय काहिलीचा? आगं, काहिलीला ताप न्हाई येत, राग येतो. आन् राग वासावनं कळतो, काचंवनं न्हाई."

मग त्यांनी बोटं पाण्यात बुडवून उकळत्या पाकातला थेंब उचलला, गार पाण्यात सोडला, त्याची गोळी केली आणि काहिलीच्या काठावर आपटली. टण्ण. "उतरवा," ते म्हणाले. बस्स. त्या दिवशीची काकवी आम्ही स्टीलच्या डब्यातून होस्टेलवर नेली. पुढे दर सोमवारी अश्विनी तो डबा भरून आणायची. मेसच्या चपात्या त्यामुळेच घशाखाली गेल्या.

शनिवार मला अर्धाच आठवतो. सकाळी मी उकळत्या पाण्यात थर्मोकपल तपासला; इथे पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं. मग चिंचेखाली खाट टाकून मला बसवलं. अश्विनी रानभेंडीचं पाणी घालून रस निवळत होती, मळी काढत होती. कसलीही पावडर नाही, हा तिचा हट्ट. पहिलं आदण तिने घाईने, एकशे पंधराला उतरवलं. ढेप बसली नाही. आबांनी अंगठा दाबला, तो आत गेला.

"ही ढेप न्हाई, शिरा हाय," ते म्हणाले. "एक गेलं."

दुपारच्या आदणाला अश्विनीने तिन्ही गोष्टी केल्या: माझा आकडा, अण्णांची गोळी आणि वास. ढेप घट्ट बसली, रंग उजळ, कुऱ्हाडीच्या पाठीने मारली तर स्वच्छ फुटली. आबांनी दुसऱ्यांदा तुकडा घेतला. म्हणजे एक पडलं, एक जमलं. सगळं तिसऱ्यावर आलं.

संध्याकाळी आम्ही सांगलीला गेलो. पलूसहून पाऊण तास. कृष्णेच्या घाटावर बसलो, भडंगाचा पुडा फोडला. होस्टेलच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, बाकी गल्ली तशीच. आमच्या खिडकीत कुणाचातरी टॉवेल वाळत होता.

"आपण एवढ्याशा खोलीत तिघी मावत होतो?" मुग्धा म्हणाली.

"ही बोलतच नव्हती ना," अश्विनी माझ्याकडे बघत म्हणाली. "त्यामुळे अडीच होतो."

तिघी हसलो. मला खोकला आला. बराच वेळ थांबला नाही, तेव्हा अश्विनीने पाठीवर हात ठेवला आणि उद्या तू झोप, असं म्हणाली. मी म्हणाले, बरी आहे.

रविवारी सकाळी साडेसातला तिसरं आदण चढलं. साडेनऊला आकडा एकशे नऊ होता. तेवढ्यात उसाच्या चरकाचा पट्टा निसटला. पुढच्या रसासाठी तो बसवणं भाग होतं. आबा पाण्याच्या मोटारीकडे गेले होते. अश्विनी घाईत होती.

"मुग्धा, तू ये, पट्टा धरायला. आणि तू इथेच थांब. एकशे बाराला हाक मार, गोळी मी बघते. आणि वास बघत राहा गं. वास बदलला तर आकडा बघू नकोस."

"हो," मी म्हणाले. दुसऱ्यांदा.

डिस्प्लेवर ११०. मग १११. मग १११.५. तिथे तो थांबला. जाळ घालणारे किसनदादा खालच्या बाजूला चुलवाणाच्या तोंडाशी होते. त्यांना काहील दिसत नव्हती. मी १११.५ कडे बघत होते. शेवटच्या टप्प्यात पाणी संपत आलं की पारा भराभर चढतो, थांबत नाही, हे मला माहीत होतं. एकच आकडा चार मिनिटं टिकणं म्हणजे सेन्सरच्या टोकावर साखरेचा थर बसलाय, हेही मी एरवी कुणालाही सांगितलं असतं. पण डोकं जड होतं आणि आकडा होता, त्यामुळे मी आकडा धरला.

चरक काहिलीपासून चाळीसेक फुटांवर आहे. मुग्धा तिथून पळत आली.

"अगं करपतंय! वास येत नाही का तुला?"

"नाही," मी म्हणाले.

किसनदादांनी जाळ ओढला, सगळ्यांनी मिळून बांबू घालून काहील उतरवली. गार करायच्या वाफ्यात ओतलेला गूळ काळपट होता. आबा आले, गार झाल्यावर एक तुकडा तोंडात टाकला आणि थुंकला.

"कडू हाय. म्हशीबी तोंड वळवतील."

अश्विनी उलथण्याने काहील खरवडू लागली. मी म्हणाले, "आबा, चूक तिची नाही. मला शुक्रवारपासून वास येत नाहीये. मी कुणाला सांगितलं नाही."

"मग हितं काय शेकायला बसलीवतीस?"

त्यांनी आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं.

"फौजंत संतरी आजारी पडला तर रिपोर्ट देतो, पोरी. त्येला कुणी हसत न्हाई. रिपोर्ट न देता उभा ऱ्हायला, तर समदी पलटण जाती."

अश्विनीने उलथणं खाली ठेवलं. "ताप तू मला पॉइंटमध्ये सांगतेस," ती म्हणाली. "हे का नाही सांगितलंस? मी मुग्धाला बसवलं असतं. एवढंच तर होतं."

"तुम्ही मला झोपवलं असतं."

"व्हय, झोपवलं असतं," ती म्हणाली. रागात तिच्या तोंडी घरची बोली येते. "आन् काय झालं असतं? चार वर्षं बघितलंय तुला तापानं बडबडताना."

दुपारी जेवायला तिनेच हाक मारली. भात, आमटी, तळलेली मिरची. मुग्धा आबांशेजारी बसली होती. ती त्यांना म्हणाली, "आबा, दुसरं आदण उत्तम होतं. तिसऱ्यात तपासणाराच बिघडलेला होता. असं रीडिंग आम्ही प्रयोगात धरत नाही."

"मग काय करता?"

"पुन्हा घेतो."

आबांनी जेवण संपवलं. हात धुऊन आले आणि कॅलेंडरासमोर उभे राहिले. "येत्या रविवारी एक. शेवटचं," ते म्हणाले. "पर काहिलीजवळ जाणता माणूस पायजे. गोळी आन् वास कळणारा. हिच्या यंत्रावर मी सही करणार न्हाई." त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, ऊसतोडीची टोळी येणार आहे, ते त्यांनी बदललं नाही.

तीनला निघालो. अश्विनीने दुसऱ्या आदणातली अर्धी ढेप डिकीत ठेवली. साताऱ्यापर्यंत मुग्धाने गाडी चालवली आणि मी मागे आडवी झाले, न भांडता. पोवई नाक्यावर ती उतरली, पुढे मी हळू आले. आठला पुण्यात.

आज मंगळवार. ताप नाही. सकाळी चहा उतू गेला तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी जळतंय हे मला आधी कळलं, मग दिसलं. गुळाचा डबा उघडून नाक आत घातलं: अर्धवट, भिंतीपलीकडून यावा तसा, पण वास तोच होता. त्या चढावरचा. मी ओट्याला टेकले. त्या वासात श्रीपती अण्णा होते, एस.टी. होती, स्टीलचा डबा होता आणि आम्ही तिघी वीस वर्षांच्या होतो. गूळ कधी उतरवायचा हे एका माणसाच्या बोटांत आणि नाकात राहत होतं, आणि त्यांच्या हयातीत ते शिकून घ्यायचं आम्हाला सुचलं नाही.

मग अश्विनीला फोन केला आणि वास साधारण तीस टक्के परत आलाय, असं सांगितलं. "बरं," ती म्हणाली, "रिपोर्ट मिळाला." रविवारी मी जाणार आहे, चिपाडं ओढायला.

हे वाचणाऱ्यांत सातारा-सांगलीचे लोक बरेच आहेत, म्हणून विचारते. कोरेगाव, कराड, शिराळा, तासगाव, कुठेही, तुमच्या ओळखीत गुळव्याचं काम केलेलं कुणी असेल, आता थकलेलं, घरी बसलेलं चालेल, तर एका दिवसासाठी हवं आहे. उभं राहायची गरज नाही, खुर्ची देऊ. रविवारी सकाळी मी स्वतः घरून गाडीने नेईन आणि संध्याकाळी परत सोडेन. जे रोजगाराचं असेल ते अश्विनी देईल. नाव आणि गाव खाली लिहा. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवा.