मोठे इंजेक्टर, जुना पंप

सगळे त्याला टर्बो म्हणायचे, पण त्या नावाला तो स्वतः कधीच जागला नाही. चालणं संथ, बोलणं त्याहून संथ. मात्र टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, असलेल्या गाडीची ताकद वाढवायची म्हटली की लोक लांबून त्याच्याच गॅरेजात यायचे.

गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली वडिलांची लाल गाडी उभी होती. तिचं इंजिन सहाशे हॉर्सपॉवरचं करायचं, असं त्याने आणि धाकट्या बहिणीने मिळून ठरवलं होतं. बहीण हाताने चपळ आणि तोंडानेही. तिने इंजिनात इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले आणि तेवढ्यात तिला जहाजावर इंजिनिअरची नोकरी लागली.

"इंधनाचा नवा पंप मी आल्यावर बसवू," निघताना ती म्हणाली. "तोवर तू हात लावायचा नाहीस हं, दादा."

त्याने हात लावला नाही. वर्षं सरली. तिची सुट्टी या ना त्या कारणाने हुकतच राहिली.

आठवण आली की टर्बो फोन करायचा, पण आठवण येते म्हणायला जीभ रेटायची नाही. मग तो शंका विचारायचा. टर्बोचार्जरचा दाब चढला की पंपाचा प्रवाह किती घटतो गं? दादाला उत्तर पाठ आहे, हे तिला पक्कं ठाऊक असायचं. तरी ती पहिल्यापासून सगळं सांगायची, आणि तो हूं हूं करत ऐकायचा.

एकदा तिचाच फोन आला. "दादा, याही वर्षी जमत नाही रे. गाडीला किती ताटकळत ठेवणार? तूच कर चालू."

"बरं," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

त्याला राग आला होता. कुणाचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याच तिरमिरीत त्याने गाडी चाचणीच्या रोलरवर चढवली आणि जुन्याच पंपावर ॲक्सिलरेटर दाबला. टर्बोचार्जरने हवा कोंबायला सुरुवात केली. त्याबरोबर इंधनाचा दाबही चढायला हवा होता, पण काटा उलट खाली येऊ लागला. इंजेक्टर मागत होते आणि पंपाला देता येत नव्हतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर उपाशी इंजिनाचे पिस्टन वितळले असते. त्याने झटकन पाय उचलला. तिने एवढ्या हौसेने जुळवलेलं सगळं आपण आता जाळून टाकलं असतं!

दुसऱ्या दिवशी तो शांतपणे कामाला लागला. पंपाच्या खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला तो भुलला नाही. टर्बोचार्जरचा दाब पूर्ण चढलेला असताना पंप किती इंधन देतो आणि इंजेक्टर किती पितात, ते त्याने ताडून पाहिलं. वर थोडी जादा क्षमता ठेवून पंप निवडला. त्याला वीज कमी पडू नये म्हणून जाड वायर ओढली. या वेळी काटा दाबाबरोबर चढत गेला आणि तिथेच टिकला.

त्याने फोन लावला आणि इंजिनाजवळ धरला. इंजिन शांत झाल्यावर पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडतेस की काय?"

"छे! इथे घाम येतो," ती म्हणाली. "बोल, आज काय शंका?"

"शंका नाही. तू इथे हवी होतीस, बस."



पुढच्या वर्षी ती आली, जेमतेम आठवडाभर. रोज गाडी तिनेच चालवली. तो शेजारी बसून, "अगं, हळू!" म्हणत राहिला आणि मनातून खूश होत राहिला. मग ती गेली. तिने पाय पोचावेत म्हणून सीट पार पुढे ओढली होती. टर्बो चांगला उंच, पण ती मागे सरकवायला त्याचं मन होईना. गुडघे स्टिअरिंगला घासत तो तशीच गाडी चालवायचा.