ड्युटीवरची आई

हिरामावशीचा आवाज असा, की आमच्या पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावरून तिने पोरांना हाक मारली तर पार उरणजवळच्या करंजाच्या होड्या जाळी टाकायची सोडून बंदराकडे वळत. खोटं वाटत असेल तर करंजात जाऊन विचारा. तिचं माहेरच तिथलं. अर्थात, तिच्याबद्दल माहेरची माणसं खरं बोलतील याची खात्री मी देत नाही.

दोन खोल्या, दोन आया आणि आम्ही तीन पोरं: तिचे दोन मुलगे आणि मी. दोघींचेही नवरे केव्हाच निघून गेले होते. "त्यांचा स्टॉप आला, उतरले," एवढंच हिरामावशी म्हणायची. माझी आई दिवसा वकिलाच्या ऑफिसात, हिरामावशी रात्री तळोज्याच्या कंपनीत पॅकिंगला. गादी एकच. सकाळी आई उठली की ही आडवी. गार होणं त्या गादीला ठाऊकच नव्हतं. आणि ती घोरायला लागली की गॅलरीत वाळत घातलेले बोंबील पुन्हा पोहायला लागत.

तिचा कायदा सरळ होता. "घरात जी हाय ती आई, भायेर गेली ती मावशी. एका टायमाला दोन आया ठेवल्या तर ही पोरं दोगींकडनं खाऊ उकळतील." त्यामुळे आमची आई संध्याकाळी सहाला बदलायची, बिल्डिंगच्या वॉचमनसारखी.

मग कुणीतरी घरमालकाचे कान भरले. हिरामावशीच्या नावावर घेतलेल्या खोल्यांत दोन कुटुंबं राहतात म्हणून. साडेपाचला तो दारात हजर. "एका घरात एक फॅमिली, हिराबाई. नाहीतर या महिन्यातच खाली करा."

घर शोधताना "मिस्टर कुठे असतात?" एवढं विचारून कितीतरी मालकांनी आईच्या तोंडावर आधीच दारं लावली होती. हे दार गेलं असतं तर आम्ही रस्त्यावरच.

"एकच हाय," हिरामावशी म्हणाली. "मी बोललं तर खोटं वाटंल. पोरांना इचारा."

त्याने मलाच पकडलं. "बाळ, तुझी आई कोण?"

सहा वाजायचे होते. मी तिच्याच हातची भाकरी खात होते. अगदी प्रामाणिकपणे मी तिच्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यात आई दारात आली.

"मावशी आली," मी म्हणाले.

"बहीण का तुमची?" मालकाने विचारलं.

"मंग काय, तुमाला सवत वाटली?"

मालक ओशाळला. "बहीण म्हणजे घरचीच की," असं पुटपुटत चहा प्यायला आणि सुकटीची पिशवी घेऊन गेला. पुढे आठवडाभर त्याच्या स्कूटरमागे पनवेलच्या मांजरांची मिरवणूक होती.

आई मात्र खांद्यावरची पर्स न काढता उभीच. "खरंच मावशी झाले का गं मी?"

"सा वाजेपत्तुर," कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवत हिरामावशी म्हणाली. "आता वाजले. घे तुजी तीन पोरं. बारक्याचं अंग गरम हाय, रडंल. फोन करू नको मला. तूच जवळ घे."

ती जिना उतरायला लागली. तिच्या बारक्याने माझ्या आईच्या कमरेला मिठी मारली आणि खाली ओरडून म्हणाला, "मावशी, टाटा."

जिन्यात चपलांचा आवाज जरासा थांबला.

"शाब्बास," खालून ती म्हणाली, आणि कंपनीची बस पकडायला पळाली.